शिवार आणि संगणक : अर्जातला फोटो चपटा का झाला?



परवा एक सूनबाई कार्यालयात आल्या. गारपिटीने झोडपलेल्या द्राक्षबागेचा अर्ज त्यांनी घरीच वर्डमध्ये केला होता. पण फोटोतले घड इतके चपटे, की गारांचे डाग दिसेनात. नुकसान खरे; पुरावा मात्र वाकडा!

विचारल्यावर उलगडा झाला. आधी आडवा फोटो 'लिंक टू फाईल'ने जोडला होता. मग त्याच नावाने, त्याच जागी उभा फोटो ठेवला. लिंक म्हणजे फोटो नव्हे, फोटोचा पत्ता. त्या पत्त्यावर पाहुणा बदलला, चौकट जुनीच राहिली. उभा फोटो आडव्या चौकटीत दाबला गेला.

उपाय सोपा आहे. फोटोवर उजवी कळ दाबून 'साइज' उघडावे, 'रिसेट' करावे आणि 'लॉक ॲस्पेक्ट रेशो'वर खूण ठेवावी. फोटो लहान-मोठा करताना कोपराच धरावा, कडा ओढू नये. फोटोची नुसती पट्टीच दिसली, तर ओळींतील अंतर 'एक्झॅक्टली'वरून 'सिंगल' करावे.

शेवटी महत्त्वाचे. लिंकचा अर्ज एकटाच दुसऱ्या संगणकावर गेला, तर फोटो घरीच राहतो व जागी तांबडी फुली दिसू शकते. म्हणून लिंकचा फोटो काढून साध्या 'इन्सर्ट'ने पुन्हा घालावा. मूळ फोटो पेनड्राइव्हवर वेगळा जपावा.

सूनबाईंचे काम दहा मिनिटांत झाले. बियाणे पारखून घेता, तसा अर्जही देण्यापूर्वी एकदा पारखावा.