वर्गातल्या नाटकात गोणपाटावर कोण बसणार?

शाळेत नाटक म्हटले की आमच्या मुख्याध्यापकांना फक्त स्नेहसंमेलन आठवते. डिसेंबर आला की भाड्याचे कपडे आणले जातात, सिनेमाच्या गाण्यांवर नाच बसतात, पालक मोबाईलवर चित्रण करतात आणि जानेवारीत पुन्हा खडू, फळा आणि घोकंपट्टी सुरू होते. नाटक हे शिकविण्याचे साधन आहे, ते इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या रोजच्या तासाला वापरायचे असते, ही गोष्ट राजर्षी शाहूंच्या करवीर नगरीतही रुजू नये याचे आम्हाला नवल वाटते.

वास्तविक हे साधन आपल्या चळवळीच्या घरचेच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. एका गरोदर कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, हे त्यात दाखविले आहे. शेवटी ते जोडपे शिकायला शाळेत जाते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले, यातच त्याची ताकद कळते. पुढे सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत विचार पोहोचविला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ 1955 साली झाले आणि 1956 साली नागपूरला धम्मदीक्षेच्या प्रसंगीही त्याचा प्रयोग झाला. म्हणजे शिक्षण आणि नाटक यांची फारकत आपल्या पूर्वसुरींनी कधी केलीच नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 सांगते की, शिक्षण संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावे, मुलांनी कृतीतून आणि शोधातून शिकावे, त्यांच्या मनातील भीती जावी आणि त्यांनी आपले मत मोकळेपणाने मांडावे. चाळीस मिनिटे हाताची घडी घालून बसलेले मूल मत कधी मांडणार? आम्ही शाळांमध्ये संविधानावर बोलायला जातो. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, हे वाक्य मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. पण पाण्याच्या नळाजवळ एखाद्याला मागे ढकलले गेले तर आपण काय करायचे, हे त्या वाक्यातून त्यांना कळत नाही. ते उभे राहून, बोलून, करून पाहावे लागते.

मात्र येथेच शिक्षकांनी सावध राहिले पाहिजे. बाबासाहेबांच्या साताऱ्याच्या शाळेचा प्रसंग अनेक ठिकाणी बसविला जातो. छोटा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसतो, शिपायाने पाणी ओतले तरच त्याची तहान भागते. प्रसंग खरा आहे आणि तो मुलांना कळलाच पाहिजे. आमचा सवाल एवढाच आहे की, त्या गोणपाटावर बसायला शिक्षक कोणाला निवडतात? वस्तीतल्या मुलाला पुढे बोलावून बसविले, तर वर्ग शिकतो तो समतेचा धडा नव्हे. त्या मुलाची जात चाळीस जणांसमोर जाहीर होते आणि मधल्या सुट्टीत तीच त्याची ओळख बनते. नेहमीच्या गोष्टींतही राजाची भूमिका पहिल्या बाकावरच्याला आणि राक्षसाची किंवा नोकराची सावळ्या मुलाला, ही वाटणी कोणत्या पाठ्यपुस्तकात लिहिली आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलाचा मानसिक छळही निषिद्ध केला आहे, हे अशा शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

यावर उपाय नाटक बंद करणे हा नव्हे, तर भूमिका बदलत ठेवणे हा आहे. कोल्हापूरच्याच मातीतला प्रसंग घ्या. गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे चहा प्यायले आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावला. हा प्रसंग वर्गात करायला ना पडदा लागतो, ना रंगरंगोटी. एक टेबल आणि चार रिकामे पेले पुरेत. चिठ्ठ्या टाकून भूमिका द्याव्यात आणि दहा मिनिटांनी त्या बदलाव्यात. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी शोषितांच्या रंगभूमीत एक पद्धत रुजविली. त्यात प्रेक्षक नाटक थांबवितो, पात्राची जागा घेतो आणि प्रसंग वेगळ्या रीतीने पुढे नेतो. तशीच मोकळीक येथे द्यावी. पेल्याला हात लावायला कचरणारा सरदार काय विचार करीत असेल? गंगारामाला त्या क्षणी काय वाटले असेल? महाराज निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले नाही तर? शेवटची पंधरा मिनिटे यावर चर्चा व्हावी. ती झाली नाही तर नाटक केवळ करमणूक ठरेल.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, अशी तक्रार शिक्षक करतील. त्यांच्यावरील बिगरशैक्षणिक कामांचा बोजा आम्हास ठाऊक आहे. पण आम्ही रोज नाटक करा म्हणत नाही. एका सत्रात इतिहासाचे दोन आणि नागरिकशास्त्राचे दोन पाठ या पद्धतीने घ्यावेत, एवढीच मागणी आहे. कृतीतून शिक्षण चालविण्याचा धडा लीलाताई पाटील यांनी 1985 साली याच शहरात सृजन आनंद विद्यालय काढून घालून दिला. तो महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत का पोहोचू नये? आपली बहुसंख्य मुले तेथेच शिकतात.

महाराजांनी 1915 साली उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 रोजी आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. ती हळहळ रास्तच होती. परंतु याच महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका वर्गात बसविले. त्या वर्गात नाटक व्हावे आणि त्यात प्रत्येक मुलाला आळीपाळीने राजा होता यावे. पालकांनो, पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा आणि भूमिका कशा वाटल्या जातात, हे विचारायला विसरू नका.