पाण्याची वाट आणि तीस वर्षांचे कर्ज

घर घेताना आपली मंडळी किती गोष्टी पाहतात! दार पूर्वेला आहे की नाही, शाळेचा झोन कोणता, देऊळ व वाणसामानाचे दुकान किती अंतरावर, पाहुणे आले तर त्यांची गाडी कोठे उभी राहील, हे सारे पाहून होते. पावसाचे पाणी या जागेवर कोणीकडून येते आणि कोणत्या वाटेने जाते, एवढे मात्र विचारणारा विरळा. आम्हीही २७ जानेवारी २०२३ च्या त्या शुक्रवारपूर्वी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

त्या दिवशी ऑकलंड विमानतळावर चोवीस तासांत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातला फार मोठा भाग संध्याकाळच्या काही तासांतच कोसळला. विमानतळाच्या इमारतीत पाणी शिरले, माउंट स्मार्ट मैदानावरचा एल्टन जॉन यांचा कार्यक्रम रद्द झाला, चार माणसांचे प्राण गेले. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईचा २६ जुलै २००५ पाहिला आहे, ते दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणत होते, “सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता; एवढ्याशा पावसाने हे शहर कसे बुडले?” या बोलण्यात थोडा अभिमानही होता, आणि तो अनाठायी होता. प्रत्येक शहराची गटारे त्या शहराच्या नेहमीच्या पावसाचा हिशेब धरून बांधलेली असतात. तो हिशेब मोडला की मिठी नदी काय आणि रॉस्किलचा ओढा काय, दोघांची गत एकच. ज्यांचे सगेसोयरे मॉरिशसमध्ये आहेत त्यांना ३० मार्च २०१३ चे पोर्ट लुई आठवत असेल. दोन तासांच्याही आत पडलेल्या पावसाने तेथे ११ जणांचा बळी घेतला. बेटावरच्या माणसाला समुद्राचे भय वाटते. परंतु घात करते ते बहुधा डोंगरावरून शहरात उतरणारे पाणी.

ऑकलंड सावरते न सावरते तोच दोन आठवड्यांनी गॅब्रिएल चक्रीवादळ आले. १४ फेब्रुवारी रोजी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. या देशाच्या इतिहासात तशी वेळ तिसऱ्यांदाच आली होती. ११ माणसे गेली. हॉक्स बेमधील एस्क खोऱ्यात द्राक्षमळे आणि घरे गाळाखाली गाडली गेली. या दोन्ही आपत्तींचे मिळून नुकसान ९०० ते १,४५० कोटी डॉलर होईल, असा अंदाज ट्रेझरीने तेव्हा केला होता.

गंमत अशी की, त्याआधी तीनच वर्षे हेच शहर पाण्यासाठी तोंड वासून बसले होते. हुनुआ व वाइताकेरेची धरणे निम्म्याच्याही खाली गेली आणि १६ मे २०२० पासून नळीने अंगण धुण्यास बंदी आली. वाइकातो नदीतून जास्त पाणी उचलण्यासाठी घाईघाईने नवा शुद्धीकरण प्रकल्प उभारावा लागला. एकदा नको इतके, एकदा पुरत नाही इतके, हा मराठवाडा-कोकणाचा जुना अनुभव आता एकाच शहराच्या वाट्याला आला आहे.

परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते पावसाविषयी नव्हे, पैशाविषयी.

२०२३ च्या पुरानंतर ज्या घरांत राहणे जिवावर बेतेल, आणि ज्यांना वाचविण्याचा परवडेल असा दुसरा उपाय नाही, त्यांना तिसऱ्या वर्गात घालण्यात आले. ती घरे ऑकलंड कौन्सिलने विकत घ्यावयाची आणि खर्च कौन्सिल व सरकार यांनी निम्मा निम्मा सोसावयाचा, असे ठरले. विमा उतरलेल्या घराला पुरापूर्वीच्या बाजारभावाच्या ९५ टक्के आणि विमा नसलेल्या घराला ८० टक्के रक्कम देऊ करण्यात आली. एकट्या ऑकलंडमध्ये अशी घरे हजारावर निघाली. संकटात सापडलेल्या शेजाऱ्यासाठी सर्व करदात्यांनी मिळून खिशात हात घातला, ही गोष्ट या देशाला शोभण्यासारखीच झाली.

मात्र ही व्यवस्था पुढेही अशीच राहील, असे समजून कोणी चालू नये. जुलै २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ गटाने शिफारस केली की, वीस वर्षांच्या संक्रमणकाळानंतर सरकार आपले घर विकत घेईल अशी अपेक्षा घरमालकांनी ठेवू नये. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे सांगावयास ज्योतिषी नको. आता हिशेब करून पाहा. आज घेतलेले तीस वर्षांचे कर्ज फिटण्याच्या आधीच ती वीस वर्षे सरलेली असतील. कर्ज तीस वर्षांचे आणि विमा मात्र दर वर्षी नव्याने करावयाचा! विमा कंपन्या आता प्रत्येक पत्त्याचा पूरधोका पाहून हप्ता ठरवू लागल्या आहेत. उद्या हप्ता परवडेनासा झाला किंवा विमाच नाकारला गेला, तर बँक कर्ज देताना घातलेल्या विम्याच्या अटीवर बोट ठेवील, आणि ते घर दुसऱ्या कोणाला विकणेही कठीण होईल. सरकारी नैसर्गिक आपत्ती आयोगाचे संरक्षण आहे ना, असे कोणी म्हणेल. पुराच्या बाबतीत ते संरक्षण फक्त जमिनीपुरते आणि तेही मर्यादेत आहे. घराच्या भिंती, गालिचे, स्वयंपाकघराचे ओटे यांना नाही.

आपल्या समाजाची बहुतेक पुंजी शेअरबाजारात नाही, सोन्यातही पूर्वीइतकी नाही. ती एका घरात आहे. तेही घर पुष्कळदा दोघा नवराबायकोच्या पगारावर आणि गावाकडची जमीन विकून आलेल्या पैशावर उभे असते. म्हणून हा प्रश्न आम्हांला इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

या बाबतीत जगात सर्वात गाजलेले नाव चीनचे आहे. तेथील भूरचनाकार यू कोंगजियान यांनी ‘स्पंज शहरा’ची कल्पना मांडली. पाणी काँक्रीटच्या नाल्यांतून पळवून न लावता तळी, पाणथळ जागा व बागा यांत मुरू द्यावे, असा तिचा गाभा. २०१५ मध्ये चीन सरकारने १६ शहरांत ती प्रायोगिक रीतीने सुरू केली आणि २०३० पर्यंत शहरी भागाच्या ८० टक्के क्षेत्रात निदान ७० टक्के पावसाचे पाणी तेथेच जिरविण्याचे लक्ष्य ठेवले. त्याच सुमारास चिनी बँका हरित रोख्यांच्या बाजारात उतरल्या, आणि थोड्याच वर्षांत चीन त्या बाजारातील अग्रगण्य देशांत गणला जाऊ लागला. पण २० जुलै २०२१ रोजी झेंगझोऊ शहरावर एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत १४ प्रवासी दगावले. त्या शहरानेही स्पंजावर पुष्कळ पैसा ओतला होता. आता आमच्या ऑकलंडचीच गोष्ट घ्या. २०२२ मध्ये अरप या अभियांत्रिकी संस्थेने जगातील सात शहरे तपासून ‘सर्वांत अधिक स्पंज’ म्हणून ३५ टक्क्यांसह पहिला क्रमांक ऑकलंडला दिला होता. वर्षभरातच तो पूर आला! म्हणजे स्पंज कुचकामी, असा अर्थ कोणी काढू नये. भिजलेले फडके आणखी पाणी शोषत नाही, हे घराघरांत ठाऊक आहे. फडके पिळले की पाणी कोठे तरी जाणारच. त्या पाण्यासाठीही मोकळी जागा राखून ठेवावी लागते.

तशी जागा राखल्याने काय साधते, हे पाहावयास चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. माउंट रॉस्किल भागातल्या आमच्या वाचकांनी संध्याकाळी वॉल्म्स्ली पार्कमध्ये फेरी मारावी. तेथे ते आउआंगा, म्हणजेच ओकली क्रीक, हा ओढा कित्येक वर्षे काँक्रीटच्या पन्हळीत कोंडलेला होता. कौन्सिलने काही वर्षांपूर्वी वॉल्म्स्ली व अंडरवूड या दोन उद्यानांतले ते काँक्रीट फोडून काढले, पात्र रुंद व वळणदार केले, काठावर या मातीतली झाडे लावली. त्यामुळे सुमारे दोनशे घरे पूरपट्ट्यातून बाहेर आली. आज आपले आजी-आजोबा नातवंडांना ढकलगाडीत घालून तेथे नेतात. आपण एका पूररक्षक कामावरून चाललो आहोत, याची त्यांना कल्पनाही नसेल. नॉर्थकोटमधील ग्रीनस्लेड मैदानही असेच. एरवी तेथे मुले खेळतात. पण मैदान मुद्दाम खोलगट केले असल्यामुळे मोठ्या पावसात सुमारे १ कोटी २० लाख लिटर पाणी पोटात घेऊन ते हळूहळू सोडते. २०२३ च्या त्या रात्री ते मैदान तलावासारखे भरले आणि आपले काम करून गेले. मिठी नदीचे पात्र आपणच भराव घालघालून अरुंद केले आणि मग २००५ मध्ये तिलाच दोष दिला, याची येथे आठवण होते.

आता या कामांना पैसा कोण देणार? हरित गुंतवणुकीचा सध्या फार बोलबाला आहे. ऑकलंड कौन्सिलने जून २०१८ मध्ये २० कोटी डॉलरचे हरित रोखे काढले. तो पैसा विजेवरच्या आगगाड्यांसाठी होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूझीलंड सरकारने आपले पहिले हरित रोखे ३०० कोटी डॉलरला विकले. ही चांगली लक्षणे आहेत, आणि आपल्या किवीसेव्हर फंडाचा पैसा कशात गुंतला आहे हे प्रत्येकाने एकदा विचारून घ्यावे. परंतु गुंतवणूकदाराला परतफेड हवी असते. आगगाडीला तिकीट असते, पवनचक्कीच्या विजेचे बिल येते. रुंद केलेल्या ओढ्याला कोण तिकीट काढणार? मांगेरेत हरानिया व ते अराराटा या ओढ्यांवर अरुंद मोऱ्यांमुळे पाणी तुंबते. ते मोकळे करण्याचे जे काम कौन्सिलने हाती घेतले आहे, त्यातून नफा निघण्यासारखा नाही. तो खर्च शेवटी रेट्समधून व सरकारी तिजोरीतूनच यावयाचा. म्हणून रेट्सचे बिल आले की आपल्या बैठकांत जे दात-ओठ खाणे चालते, ते आम्हांला अर्धेच पटते. कौन्सिलने पै-पैचा हिशेब द्यावा, उधळपट्टी थांबवावी, हे कबूल. पण आपल्याच पाण्याच्या वाटेसाठी लागणारा डॉलर हा कर नसून स्वस्तातला विमा होय.

आणि थोडे आपल्याही अंगणात पाहावे. गाडीसाठी काँक्रीट, शेडसाठी काँक्रीट, गवत कापण्याचा कंटाळा म्हणून मागेही काँक्रीट. मग मागच्या बाजूला दोन भाड्याची युनिटे काढण्याचा बेत. आपण जिरू न दिलेले पाणी उताराच्या घरात जाते, आणि त्या घरातही बहुधा आपल्यासारखेच एखादे स्थलांतरित कुटुंब, कदाचित भाड्याने, राहत असते. पूरपट्ट्यातील दाट बांधकामाला आवर घालणारा आराखडा-बदल कौन्सिलने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा ‘आमच्या जागेची किंमत पडेल’ अशी ओरड आपल्यातूनही ऐकू आली. जागेची किंमत आराखड्याने पडत नाही. ती पाण्याने केव्हाच ठरविलेली असते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना नदीची निळी रेषा व लाल रेषा ठाऊक आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत पोहोचतो, असे ते गणित. २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा त्या रेषांकडे दुर्लक्ष केल्याचा पश्चात्ताप कित्येकांना झाला. ऑकलंड कौन्सिलचा पूरनकाशा कोणालाही फुकट पाहता येतो. पत्ता लिहिला की पूरपट्टा आणि पाण्याचे प्रवाहमार्ग निळ्या रंगात समोर येतात. लिम अहवालाला पैसे पडतात, पण लाखो डॉलरच्या सौद्यापुढे ते काहीच नाहीत. सौद्यावर सही करण्यापूर्वी वकिलाकडून तो अहवाल मागवून घ्यावा, विमा कंपनीकडून त्या पत्त्याचा हप्ता लेखी विचारावा, आणि जमल्यास भर पावसात एकदा त्या रस्त्यावर जाऊन उभे राहावे. दलाल पावसात घर दाखवीत नाही.

कौन्सिल दर वर्षी अंदाजपत्रकावर नागरिकांच्या सूचना मागविते. गेल्या काही वर्षांत त्या सुनावण्यांना आम्ही दोन-तीनदा जाऊन बसलो. ओढ्यांच्या, मैदानांच्या, मोऱ्यांच्या विषयावर चिनी समाजाचे लोक बोलले, सामोआ-टोंगाचे लोक बोलले, निवृत्त गोरे गृहस्थ नकाशे घेऊन आले होते. मराठी आडनाव एकही पुकारले गेले नाही. यंदाच्या सुनावणीला येण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी आम्हांस कळवावे. निवेदन मराठीत लिहून दिले तरी चालेल, इंग्रजी आम्ही करून देऊ.