तिकडे मडम केली म्हणे!

मागच्या रविवारी कडोदरा चार रस्त्याजवळ आपल्याच एका घरी जेवण होतं. मी आमच्या थोरल्या आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीचा कागद दाखवला, तर एक जण म्हणाला, “मेलेल्याला कशाला उकरताय? जमीन मिळणारे का यातून?” पाहुणा होतो, गप्प बसलो. इथे बसणार नाही.

थोरले आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. माण तालुक्यातून मराठा पलटणीत भरती झाले, इटलीला गेले, परत आले नाहीत. घरात एकच गोष्ट चालत आली : तिकडे मडम केली आणि तिथंच राहिला. थोरल्या आजीने हे मरेपर्यंत, म्हणजे 1979 पर्यंत, ऐकलं. कुंकू पुसलं नाही म्हणून वरून आणखी बोलणी. तिच्या नावाची पेन्शन कोणाच्या अंगठ्यावर निघायची, ते लिहीत नाही. त्यांची नातवंडं या ग्रुपवर आहेत.

आता नोंद काय म्हणते? जुलै 1944, वय 23. समाधी नाही, नाव इटलीतल्या कसिनो स्मारकावर. समाधीचा पत्ता नसलेल्या चार हजारांवर सैनिकांची नावं तिथे आहेत. 10 जुलै 1944 ला तिबर खोऱ्यात पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आपल्या कुलाब्याचे यशवंत घाडगे, त्यांचंही नाव तिथेच. आणि आमच्या घरात हा माणूस पस्तीस वर्षं बाईलवेडा!

हेळवी आला की आपण पायली-दोन पायली धान्य घालतो, पंधरा पिढ्या वाचून घेतो, कुठल्या सरदाराशी नातं जुळतंय का बघतो. ही नोंद तर फुकट मिळाली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर खुली आहे. अडचण स्पेलिंगची, गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. आमच्या आडनावाची पाच स्पेलिंगं वाया गेली. शेवटी देव्हाऱ्यातल्या डबीतलं पदक काढलं. त्या युद्धातली ब्रिटिश शिपायांची पदकं कोरी असायची, पण आपल्या शिपायांच्या पदकांवर नंबर आणि नाव ठोकलेलं असे. नंबर जुळला, बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं.

यादीत नाही म्हणजे माणूस गेलाच नव्हता, असंही समजू नका. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या आपल्या साध्या शिपायांची नावं बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीच नाहीत, कोरली ती अधिकाऱ्यांची. कमिशनच्याच 2021 च्या अहवालात कबुली आहे : मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान 1,16,000 जणांची नावानिशी आठवण राखली गेली नाही. साहेबाने नाव गाळलं याचा राग येतो ना? मग आपण घरात काय केलं?

जमीन नाही मिळाली, तिथी मिळाली. इतकी वर्षं त्यांचं पान सर्वपित्रीला वाढलं जायचं. आता जुन्या पंचांगातून तिथी काढलीय. यंदा पितृपंधरवड्यात त्याच दिवशी वाढू, शेजारी थोरल्या आजीचं.

ज्यांच्या घरी पदक असेल त्यांनी मागची बाजू आणि कड बघा. ओल्या फडक्याने पुसा, चिंचेने घासू नका, अक्षरं जातात. नंबर मला पाठवा, मी शोधून देतो.