विश्लेषण : नगरधनचा किल्ला नेमका कोणाचा?

नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, रामटेकजवळ नगरधनचा भुईकोट आहे. कोणी त्याला भोसल्यांचा किल्ला म्हणतो, कोणी वाकाटकांची राजधानी. या दोन राजवटींत सुमारे तेराशे वर्षांचे अंतर आहे. मग खरे काय?

आज दिसतो तो किल्ला कधीचा?
आजचे तट, बुरूज आणि दरवाजा उत्तरकाळातले आहेत. परंपरेने या बांधकामाचे श्रेय नागपूरकर रघूजी भोसले (पहिले) यांना, म्हणजे अठराव्या शतकाला दिले जाते. वाकाटकांच्या खुणा या भिंतींत नव्हे, परिसरातील जमिनीखाली आहेत.

वाकाटकांशी संबंध कसा जोडला जातो?
राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती दुसरा रुद्रसेन याच्या निधनानंतर तिने अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहिला. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट ‘नंदिवर्धन’ येथून दिलेला आहे. रिद्धपूरच्या ताम्रपटात रामगिरीचा, म्हणजे रामटेकचा उल्लेख येतो. नावातील साम्य आणि रामटेकचे सान्निध्य यांमुळे अभ्यासक नंदिवर्धन म्हणजेच नगरधन असे मानतात.

उत्खननात काय मिळाले?
डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने २०१५ ते २०१८ दरम्यान येथे उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेचे नाव ब्राह्मी लिपीत असलेली, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मोहोर मिळाली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर.

एवढ्याने राजधानी सिद्ध होते का?
एकट्या मोहोरेने नाही. मोहोर पत्रासोबत दूरवर जाऊ शकते; नंदिवर्धनचा ताम्रपटही पुण्यातच सापडला. मात्र वाकाटककालीन वस्तीचे थर, ताम्रपट आणि मोहोर एकत्र पाहिल्यास नगरधनचा दावा भक्कम होतो. याउलट पुढची राजधानी प्रवरपूर पवनारला की मनसरला, हा वाद कायम आहे.

मग जपायचे काय?
तट ढासळला तर डागडुजी होते. घराच्या पायाखोदाईत विस्कटलेला थर मात्र पुन्हा रचता येत नाही. म्हणूनच संरक्षणाचा विचार तटापाशी थांबून चालणार नाही. भोवतालची शेते आणि गावठाणही त्यात यायला हवे. शेतात जुने नाणे किंवा मूर्ती सापडली, तर घरी नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. वस्तू जिथे सापडली ती जागाच तिचा अर्धा इतिहास सांगते.