जोडणी तुटते, व्यवहार तुटू नये

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार आवारात धान्य, मसाला, फळे, भाजीपाला आणि कांदा-बटाटा अशा पाच बाजारपेठा नांदतात. गाळ्यातील पेढीवर वाय-फाय जोमदार असते. व्यापारी माल पाहण्यास बाहेर आला की ते क्षीण होते आणि फोन मोबाइल डेटाचा आश्रय घेतो. नेमक्या त्याच क्षणी यूपीआयने रक्कम पाठविली जात असेल, तर पडद्यावर चक्र फिरत राहते. पैसे गेले की नाहीत, हे कळत नाही. घाईने पुन्हा पाठविलेली रक्कम मग दुहेरी जाण्याचा संभव असतो.

जोडणी बदलल्याचे ॲपला कसे समजते? ॲप स्वतः लहरी मोजीत नाही. फोनची कार्यप्रणाली ते काम करते आणि ज्या ॲपने आगाऊ नोंद केली आहे, त्यास वार्ता देते : जोडणी मिळाली, गेली अथवा तिचे स्वरूप पालटले. पूर्वी अँड्रॉइडमध्ये अशा बदलाची दवंडी निद्रिस्त ॲपनाही जागे करी आणि बॅटरी व्यर्थ खर्च होई. २०१६ मधील अँड्रॉइड ७ पासून त्या प्रथेस आळा बसला.

तथापि वाय-फायचे चिन्ह दिसणे म्हणजे इंटरनेट चालू असणे नव्हे. राउटर चालू असतो, पण बाहेरची केबल तुटलेली असते. म्हणून अँड्रॉइड एका ठरावीक सर्व्हरकडे लहानशी विचारणा पाठविते. अपेक्षित उत्तर आले, तरच ती जोडणी खरी मानते. या पडताळणीस वेळ लागतो, आणि त्या अवधीत ॲप अंधारात असते.

वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना फोनचा नेटवर्कवरील पत्ताही बदलतो. जुन्या पत्त्यावरून चाललेला संवाद तेथेच खंडित होऊ शकतो. कदाचित आज्ञा बँकेपर्यंत पोहोचलेली असते. केवळ उत्तर वाटेत हरवलेले असते. म्हणून उत्तम ॲप नवी आज्ञा देत नाही, त्याच व्यवहार-क्रमांकाने स्थिती विचारते. जुन्या पेढ्यांना ही रीत अपरिचित नाही. हुंडी गहाळ झाली, तर दुसरी हुंडी लिहीत नसत. मूळ हुंडीचा उल्लेख करून ‘पेठ’ लिहीत, तीही हरवल्यास ‘परपेठ’. कागद तीन झाले, तरी देणे एकच राही.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानेही या प्रसंगी ग्राहकास संरक्षण दिले आहे. रक्कम खात्यातून वजा झाली, पण समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहारानंतर एका दिवसात परत आली पाहिजे. दुकानदाराकडे देयकाची पुष्टी पोहोचली नाही, तर पाच दिवसांत. त्याहून विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय असते.

तेव्हा ‘प्रलंबित’ म्हणजे ‘अयशस्वी’ नव्हे, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावे. देणाऱ्याने प्रथम व्यवहारांची यादी पाहावी, बारा आकडी संदर्भ क्रमांक रोजमेळात टिपावा आणि स्थिती स्पष्ट होईपर्यंत त्याच बिलाची रक्कम पुन्हा पाठवू नये. घेणाऱ्याने समोरच्याच्या पडद्यावर विसंबून माल सोडू नये. आपल्या खात्यातील जमा पाहावी. असे केल्यास वाय-फाय गेले, तरी हिशेब चुकत नाही आणि दोन पेढ्यांमधील विश्वासासही बाध येत नाही.