परदेशांतील अंगण

लंडनला लेकाकडे गेलेल्या एका आजीबाईंनीं विचारिलें आहे : दोन वर्षांचा नातू बंद घरांत किरकिरतो, त्यास न्यावें कोठें? राजवाडे, पुतळे यांचें त्याला काय! आम्ही ब्लूम्सबरींतील कोरम्स फील्ड्स सुचवितों. थॉमस कोरम यांनीं १७३९ सालीं स्थापिलेलें, टाकलेल्या मुलांचें आश्रयगृह पूर्वी येथें होतें. १९३६ पासून हें मुलांचें क्रीडांगण आहे. हिरवळ आहे, वाळू आहे, फी नाहीं. मात्र मूल सोबत असल्यावांचून मोठ्या माणसास प्रवेश नाहीं. म्हणजे येथें नातूच आजीला आंत नेणार! सूनबाई दिवसभर एकटीच मूल सांभाळते. तिला तेवढ्यांत दोन घटका निजूं द्यावें. वाळूसाठीं कपड्यांचा जादा जोड बरोबर असावा, आणि गुडघे साथ देत असल्यास परततांना दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा धरावी.