गुडघा गेल्यावर सवलत, तोवर काय?

वाचकहो, या पानावर नेहमी खते, बियाणे, पाणी आणि बाजारभाव यांची चर्चा असते. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो आपल्याच घरातला आहे. गावातल्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला आहे. मोठे दुखणे निघाले की गावचा माणूस त्यांच्याच खोलीवर उतरतो. मुलुंडच्या अशाच एका खोलीत, माझ्या नात्यातल्या एका मुलामुळे, मी हिमोफिलिया हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला.

पोरगा रांगायला लागला तेव्हापासून अंगावर काळेनिळे डाग उठत. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले आईचे लक्ष नाही. पाच वर्षांचा असताना सुट्टीत गावी आला आणि त्याचा गुडघा सुजला. मुरगळला असेल म्हणून तेल लावून चोळला, वर विटेचा शेक दिला. दवाखान्यात कमरेत इंजेक्शन दिले, तर तिथेही मोठी गाठ आली. खरे निदान व्हायला आणखी दोन वर्षे गेली. आज तो उजवा पाय ताठ ठेवून चालतो. चोळणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहितो आहे.

रक्त जोरात वाहत नाही, लवकर थांबत नाही

अनेकांना वाटते की या रुग्णाला जरा खरचटले की तो दगावतो. तसे नाही. रक्त गोठण्यासाठी शरीरात अनेक घटक एकामागून एक काम करतात. डॉक्टर त्यांना फॅक्टर म्हणतात. आठवा घटक कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर बी. ए प्रकार सुमारे ५००० मुलग्यांत एकाला होतो, बी त्याहून विरळा. घटक १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र समजतात. अशा मुलाला काही न लागताही आतल्या आत रक्तस्राव होतो.

बाहेरची जखम दिसते, दाबता येते. खरा घात सांध्याच्या आत होतो. गुडघा, घोटा, कोपर यांत रक्त साठते, सांधा तापतो, फुगतो, ठणकतो. पुन्हा पुन्हा तसे झाले की आतली कूर्चा झिजते आणि सांधा आखडतो. चर खणून वेळीच पाणी काढले नाही तर जमीन चिबड होते, तशातलाच हा प्रकार. एकदा बिघडलेला सांधा पहिल्यासारखा होत नाही.

दोष आईचा नाही

सरकारी नियमाप्रमाणे गोठीत रेत केंद्रावर घ्यायच्या विदेशी आणि संकरित वळूंची आनुवंशिक दोषांसाठी तपासणी होते. त्या यादीत रक्त गोठवणाऱ्या अकराव्या घटकाची कमतरताही आहे. म्हणजे वळूच्या रक्ताची चौकशी आपण करतो आणि घरातल्या पोराच्या डागांना दृष्ट म्हणतो! जनावरांत दोषी वळू बाद करतात. माणसांत तपासणी करायची ती कोणाला बाद करण्यासाठी नव्हे, तर आधीच तयारीत राहण्यासाठी.

हा दोष एक्स गुणसूत्रातून येतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. वडील रुग्ण असतील तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलग्यांना त्यांच्याकडून आजार जात नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात मात्र आधी कोणालाच हा आजार नसतो, दोष नव्याने उपजतो. तेव्हा सुनेला बोल लावणाऱ्यांनी आधी हे वाचावे. वाहक स्त्रियांनाही पाळीत किंवा बाळंतपणात जास्त रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मावशी आणि बहिणींचीही तपासणी व्हावी.

परळची वाट

निदान अवघड नाही. एपीटीटी नावाच्या तपासणीत रक्त गोठायला जास्त वेळ लागतो असे दिसले की पुढे घटकाचे प्रमाण मोजतात. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातच राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. हिमोफिलियाचे निदान, वाहक स्त्रियांची तपासणी आणि गर्भातील निदान यांवर तिथे मोठे काम झाले आहे. मुलुंड-घाटकोपरकडून येणाऱ्याने परळला उतरावे, बोरिवली-अंधेरीकडून येणाऱ्याने प्रभादेवीला. उपचारासाठी रेल्वेने येणाऱ्या मध्यम आणि तीव्र हिमोफिलियाच्या रुग्णाला, सोबत एकाला, भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ठरावीक नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला मात्र लागतो.

पण रात्री दोन वाजता गुडघा फुगला तर? तेव्हा लोकल बंद असतात. घटकाचे इंजेक्शन शक्यतो दोन तासांत मिळावे असे डॉक्टर सांगतात. उपनगरातल्या माणसाची ही गत, तर खेड्यातल्याची काय असेल? त्यामुळे औषध नुसते मोठ्या रुग्णालयात असून भागत नाही, ते घराजवळ आणि शक्य तिथे घरात हवे. शीतपेटीत घटक ठेवून घरीच शिरेतून टोचायला आईबापांना आणि मोठ्या मुलांना शिकवता येते.

त्याहून बरे म्हणजे रक्तस्रावाची वाट न पाहता नियमित घटक देणे. स्वीडनमध्ये १९५८ पासून हे सुरू झाले आणि तिथली मुले सरळ पायांनी मोठी झाली. आठवा घटक शरीरात थोडेच तास टिकतो, म्हणून तो आठवड्यातून दोन-तीनदा टोचावा लागतो. आता ए प्रकारासाठी एमिसिझुमॅब हे कातडीखाली टोचायचे औषध आले आहे. ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनीही देता येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पाच रुग्णांवर जनुकीय उपचार झाले आणि त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. आशा आहे, पण आजच्या पोराचा गुडघा त्यासाठी थांबणार नाही.

कायद्यातली गंमत

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत हिमोफिलिया आला, ही मोठी गोष्ट. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील ५ टक्के राखीव जागांसाठी हा विद्यार्थी पात्र ठरतो. पण सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण ज्या गटांना आहे, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. अस्थिव्यंग मात्र आहे. म्हणजे गुडघा शाबूत असेपर्यंत राखीव जागा नाही, तो कायमचा गेला की अस्थिव्यंग म्हणून अर्ज करा! गुडघा वाचवण्यावर खर्च केलेला रुपया स्वस्त की नंतरची सवलत, याचा हिशेब शासनाने मांडावा. जिल्हा परिषदेच्या सदस्यांना आणि आमदारांना आपणही एक प्रश्न विचारावा: आपल्या जिल्हा रुग्णालयात आज घटकाचा साठा किती आहे?

घरी काय करावे

सांधा सुजला तर चोळू नका, शेकू नका. पाय उंच ठेवा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावा, पट्टी बांधा आणि घटकासाठी निघा. डोक्याला मार लागला तर पोर हसत-खेळत असले तरी थांबू नका. आधी घटक, मग बाकीच्या तपासण्या. ॲस्पिरिन देऊ नका. कमरेत किंवा दंडात स्नायूत इंजेक्शन नको, हे डॉक्टरांना आधी सांगा. लस चुकवू नका, ती बारीक सुईने कातडीखाली देऊन जागा दाबून धरता येते का ते विचारा. दात काढण्यापूर्वी रक्तविकाराच्या डॉक्टरांना भेटा. आजाराचा प्रकार आणि रक्तगट लिहिलेले कार्ड पोराच्या खिशात असू द्या आणि त्याची नक्कल शाळेत द्या.

आणि पोराला घरात कोंडू नका. पोहणे, चालणे, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम यांनी स्नायू बळकट होतात आणि सांध्याला आधार मिळतो. आमचा पोरगा आता नियमित औषधावर आहे. उजवा पाय गेला तो गेला, डावा अजून सरळ आहे. तो तसाच राहावा एवढ्यासाठी त्याची आई दर खेपेला मुलुंडहून परळ गाठते. तुमच्या गावात असे डाग उठणारे, सांधे सुजणारे पोर असेल तर त्याच्या आईला हा कागद वाचून दाखवा.